मोड बदलूनही एसीचा मीटर पळतच राहतो, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. एसी महिना-दोन महिने नीट चालतो, मग एकाएकी युनिट वाढतात. कुणी म्हणतं ड्राय मोडवर ठेवा, निम्मी वीज लागते. कुणी ऑटोवर ठेवायला सांगतं, कुणी इकोचं बटण दाबायला. मोड बदलला की चार दिवस फरक पडल्यासारखा वाटतो आणि मीटर पुन्हा पळायला लागतो. आमच्याकडे सलग दोन उन्हाळे हेच झालं. तिसऱ्या वर्षी मी वही घेऊन मीटरसमोर बसले आणि १५-१६ रात्रींच्या नोंदींनंतर कारण हाती लागलं. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं, पण ते शोधायची वाट हीच असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

वीज नेमकी कुठे जाते

स्प्लिट एसीत वीज घेणाऱ्या मोठ्या गोष्टी तीनच: बाहेरच्या मशीनमधला कॉम्प्रेसर, त्याच्या पुढचा पंखा आणि आतला ब्लोअर. घरगुती मशीनचा आतला ब्लोअर ३० ते ६० वॅट घेतो, म्हणजे साध्या छताच्या पंख्याएवढीही नाही. बाहेरचा पंखा त्याच पट्टीतला किंवा थोडा वर. दीड टनाचं मशीन पूर्ण जोरात असताना दीड किलोवॅटच्या आसपास घेतं, आणि त्यातला जवळजवळ सगळा वाटा कॉम्प्रेसरचा असतो. मोड म्हणजे या कॉम्प्रेसरला दिलेली सूचना: कधी चाल, किती जोरात चाल, कधी थांब. एवढंच.

टन हे विजेचं माप नाही, उष्णता बाहेर काढायच्या वेगाचं आहे. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप), म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. दीड टनाचं मशीन साधारण ५.२ किलोवॅट उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकतं आणि त्यासाठी दीड किलोवॅट वीज घेतं. एसी थंडी तयार करत नाही, उष्णतेची हमाली करतो. म्हणून युनिट किती पडणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: किती उष्णता वाहून न्यावी लागली, आणि ती नेताना मशीनला किती त्रास झाला. कुठलाही मोड, कुठलाही सल्ला या दोन प्रश्नांवर घासून बघितला की खरा-खोटा लगेच कळतो.

साधा एसी आणि इन्व्हर्टर एसी यांत एक फरक लक्षात ठेवावा लागतो. साध्या मशीनचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो, नाही तर बंद असतो; सेट तापमान आलं की 'कट' होतो. त्यामुळे १६ वर लावलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, फक्त तो कट व्हायचं नाव घेत नाही. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो. खोली गार झाली की तो मंद होतो, आणि मंद चालताना प्रत्येक युनिटमागे जास्त उष्णता वाहून नेतो, कारण कॉइलचा, म्हणजे आत उष्णता घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यांचा, आकार तेवढाच असून त्यांच्यावरचा भार कमी झालेला असतो. इन्व्हर्टरची सगळी बचत या मंद चालण्यात आहे. तो रात्रभर मंद झालाच नाही तर इन्व्हर्टर घेऊन काही मिळवलं नाही असं समजा.

आधी मोजा, मग रिमोट हातात घ्या

महिन्याचं बिल बघून काहीच कळत नाही, कारण त्यात गीझर, फ्रीज, इस्त्री सगळं मिसळलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर मात्र एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी छापलेलं असतं की १ युनिटला तो किती वेळा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. १६०० किंवा १००० सुद्धा असतं. यावरून त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते काढता येतं. ३६,००,००० ला मीटरवरच्या आकड्याने भागायचं आणि आलेल्या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं. ३२०० च्या मीटरला ही संख्या ११२५ येते. म्हणजे दर सेकंदाला एकदा लुकलुकला तर ११२५ वॅट, दर ३ सेकंदांना एकदा तर ३७५ वॅट. एका लुकलुकीवर विसंबू नका. १० मोजा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या आणि १० ने भागा. काही नव्या मीटरच्या पडद्यावर चालू किलोवॅट थेट दिसतात. तसं असेल तर हा हिशेबही नको.

मोजताना फ्रीज १५-२० मिनिटं बंद ठेवा, नाहीतर तो मध्येच सुरू होतो आणि आकडा फसवतो. झाल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरू नका. सगळं बंद असताना दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो तेही आधी लिहून घ्या. आमच्याकडे राउटर आणि असंच किडुकमिडुक चालू असताना २० सेकंदांना एकदा लुकलुकायचा, म्हणजे ५६ वॅट. पुढच्या प्रत्येक आकड्यातून मी हे ५६ वजा केले.

बाजारात सॉकेटमध्ये लावायचे छोटे वीजमापक मिळतात. त्यांतले बरेच १० अँपिअरपर्यंतचेच असतात, आणि तासन् तास चालणाऱ्या एसीच्या भाराला ते तापतात. १६ अँपिअरसाठी बनवलेला असेल तरच एसीला लावा. क्लॅम्प मीटर वापरणारा माहितगार असेल तर उत्तम, पण तो एकाच तारेभोवती लावावा लागतो. अख्ख्या केबलभोवती लावला तर आकडा शून्याजवळ येतो आणि माणूस म्हणतो, एसी वीजच घेत नाही. बाहेरचं मशीन मात्र स्वतः उघडू नका. इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात.

मोडनुसार काय निघालं

फॅन मोडमध्ये दिवा साडेअकरा सेकंदांना एकदा लुकलुकला, म्हणजे आमच्या मशीनचा ब्लोअर ४० वॅटच्या घरात. या मोडबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती मला महागात पडली होती. "थोडा वेळ कूल, मग थोडा वेळ फॅन, असं आलटून पालटून ठेवलं की वीज वाचते" असं मी वर्षभर करत होते. कूल चालू असताना आतली कॉइल ओली होते. लगेच फॅन लावला की ब्लोअर त्याच ओल्या कॉइलवरून हवा फिरवतो आणि ते पाणी पुन्हा खोलीत येतं. टेबलावरच्या आर्द्रतामापकावर कूल बंद करताना ५२ टक्के होते, फॅनवर २० मिनिटांत ६० च्या वर गेले. जे पाणी काढायला वीज खर्च केली तेच परत खोलीत, आणि कूल लावलं की ते काढण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून. एसी कायमचा बंद करण्याआधी १०-१५ मिनिटं फॅन चालवला तर गोष्ट वेगळी. त्याने कॉइल सुकते, कुबट वास येत नाही. मध्येमध्ये करण्यात मात्र नुकसानच आहे.

कूल, २६ अंश, ब्लोअर मधल्या वेगावर: सुरुवातीला १० लुकलुकी ७ सेकंदांत, म्हणजे ५६ वजा जाता साधारण १५५० वॅट. तासाभराने त्याच १० लुकलुकींना २२ सेकंद लागले, म्हणजे ४५० च्या आसपास. मशीन मंद झालं होतं. इन्व्हर्टर असाच चालायला हवा, हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. पुढे बिघाड ओळखायला हाच कामी येतो.

आता ड्राय. आमच्या वडिलांचा या मोडवर भारी विश्वास. "अगं, थेंबाचं चिन्ह लाव, निम्मी वीज लागते," हे मी किती वेळा ऐकलं असेल. बाबा पूर्ण चुकीचे नव्हते. ड्राय मोडमध्ये बहुतेक मशीन ब्लोअरचा वेग खाली आणतात आणि कॉम्प्रेसर मंद किंवा तुटक-तुटक चालवतात. हवा कॉइलवरून हळू जाते, कॉइल जास्त गार राहते, हवेतली वाफ दवबिंदूच्या खाली जाऊन पाणी होते आणि नळीतून बाहेर पडते. तासाभराने मोजलं तर १० लुकलुकींना २६ सेकंद, म्हणजे ३७५ वॅट. कूलपेक्षा ७५-८० वॅट कमी. बचत आहे, निम्मी नाही. आणि त्या ८० वॅटमागे खोली २६ ऐवजी २८ वर होती. मशीनने कमी उष्णता वाहून नेली म्हणून कमी वीज लागली, यात मोडची वेगळी करामत नाही. उलट कॉइल जास्त गार ठेवायची म्हणजे मशीनला प्रत्येक युनिट उष्णतेमागे थोडा जास्तच जोर लावावा लागतो. कूल २८ वर ठेवून छताचा पंखा लावला असता तरी हिशेब जवळपास तिथेच आला असता.

हे पटवायला मी पाण्याच्या नळीखाली ५ लिटरचा कॅन ठेवला. कूलच्या रात्री ८ तासांत ४ लिटरच्या थोडं खाली पाणी, ड्रायच्या रात्री कॅन गळ्यापर्यंत भरला. बाबांनी कॅन उचलून बघितला आणि म्हणाले, "बघ, काम करतोय की नाही!" करतोयच. १ लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे वाफेचं पाणी होताना सुटणारी सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता ओढून घ्यायची. म्हणजे ५ लिटरला जवळजवळ साडेतीन. ही उष्णता थर्मामीटरवर दिसत नाही, पण तीही कॉम्प्रेसरलाच वाहून न्यावी लागते. दमट हवेत एसीचे युनिट वाढतात ते याचमुळे. तापमान फार नसूनही मीटर का पळतो, असं विचारणाऱ्यांनी एकदा नळीखाली भांडं ठेवून बघावं.

त्यामुळे ड्राय कधी? बाहेर पाऊस, खोली २६-२७ वर, पण अंग चिकचिकतंय, तेव्हा. तेव्हा तो खरोखर कूलपेक्षा शहाणा आहे. भर दुपारी ३४ अंशांच्या खोलीत ड्राय लावला तर कॉम्प्रेसर चालतच राहतो, ब्लोअर मंद असल्यामुळे खोली गार होत नाही, शेवटी कुणीतरी वैतागून टर्बो दाबतं आणि दोन्हीकडून युनिट पडतात.

ऑटोबद्दल थोडक्यात. बऱ्याच मशीनमध्ये ऑटो लावला की मशीन खोलीचं तापमान बघून कूल, ड्राय, फॅन यांपैकी काय करायचं ते स्वतः ठरवतं, आणि सेट तापमानही काही मशीन स्वतःच धरतात. ज्यांत हीट आहे अशी मशीन ऑटोवर हीटही सुरू करू शकतात. पहाटे खोली सेट तापमानाच्या खाली गेली की एसी गरम हवा सोडू लागतो, असं झालं तर बिघाड नाही, ऑटो आहे. रोजच्या वापराला माझी हरकत नाही, पण कारण शोधत असाल तर ऑटो पूर्ण बंद ठेवा. मशीनने काय ठरवलंय हे कळल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही.

टर्बो सेट तापमानाकडे न बघता ठरावीक मिनिटं पूर्ण जोरात चालवतो; तापलेल्या खोलीत आल्यावर एकदा वापरायला ठीक. स्लीप पहिल्या एक-दोन तासांत सेट तापमान एकेक अंशाने वर नेतो, त्यामुळे बचत खरी आहे आणि झोपमोडही होत नाही. सगळ्या बटणांत मला हेच सर्वात कामाचं वाटतं. इको प्रत्येक मशीनमध्ये वेगळा. काहींत तो सेट तापमान वर सरकवतो, काहींत कॉम्प्रेसर किती वीज घेईल यावर मर्यादा घालतो. दुसऱ्या प्रकारचा इको भर उन्हात लावला तर खोली सेट तापमानाला पोचतच नाही आणि मशीन दिवसभर त्या मर्यादेवर चालत राहतं. तुमचा कुठला आहे ते माहितीपुस्तिकेत सापडतं. नाही सापडलं तर लाल दिवा सांगतो.

मग आमच्याकडे काय होतं

कूल २६ वर तासाभराने ४५० वॅट, हे ठरलं. पुढच्या काही रात्री मी झोपण्याआधी आणि जाग आली की एकदा, असं मोजत गेले. बहुतेक रात्री सगळं ठीक. एका रात्री दोन वाजता थंडी वाजून जाग आली, मीटरकडे गेले तर १० लुकलुकी ९ सेकंदांत. ५६ वजा करूनही ११९० वॅट. सेट २६, मोड कूल, काहीच बदललेलं नव्हतं. उशाशी ठेवलेल्या थर्मामीटरवर २३. म्हणजे खोली ३ अंश जास्त गार झालेली असूनही मशीनला वाटत होतं की अजून पोचायचंय. रात्रभर असंच चाललं तर साडेतीन-चार युनिटांच्या जागी ९ च्या वर जाणार.

मशीनला खोली गरम का वाटते? तापमानाचा सेन्सर बहुधा आतल्या मशीनमध्ये, हवा आत ओढली जाते तिथे, फिल्टरमागे असतो. टॉर्च घेऊन बघितलं, तो जागेवर होता. मग रिमोट शोधायला लागले. तो मुलीने अभ्यासाच्या फळीवर ठेवला होता, एसीकडे तोंड करून, थेट राउटरच्या पाठीवर. हाताला गरम लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह दिसत होतं, ज्याकडे आमच्यापैकी कुणीच कधी लक्ष दिलं नव्हतं.

काही रिमोटवर 'फॉलो मी' किंवा 'आय फील' अशा नावाचं बटण असतं. ते चालू असलं की मशीन स्वतःच्या सेन्सरऐवजी रिमोटमधल्या सेन्सरचं ऐकतं. रिमोट दर काही मिनिटांनी आपल्याजवळचं तापमान त्याला कळवत राहतो. कल्पना चांगली आहे, कारण मशीन भिंतीवर उंच असतं आणि आपण खाली झोपतो. पण रिमोट राउटरवर असेल तर मशीन राउटरला गार करायला बघतं. आणि राउटर काही गार होत नाही. रिमोटचा सिग्नल मशीनला दिसेनासा झाला, उदाहरणार्थ रिमोट खणात गेला, तर काही वेळाने मशीन पुन्हा स्वतःच्या सेन्सरवर येतं. म्हणून बिघाड येतो-जातो असा भास व्हायचा.

मोड बदलला की बरं का वाटायचं, तेही त्या रात्रीच उलगडलं. बाबा ड्राय लावायचे आणि रिमोट आपल्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायचे. तिथे तापमान खरं होतं. श्रेय ड्रायला मिळायचं, काम स्टुलाचं होतं. मुलीने कूल लावला की रिमोट फळीवर, आणि दोष कूलला. दोन वर्षं आम्ही जेवताना याच्यावर वाद घातला आहे. बटण दाबून ते चिन्ह घालवलं, तासाभराने मोजलं: १० लुकलुकींना २१ सेकंद.

तुमच्याकडे असं असेल अशी शंका असेल तर चाचणी अगदी सोपी आहे. एसी तासभर चालू द्या, मोजा. रिमोट मशीनला दिसेल अशा गार जागी ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. मग तो हातात धरून किंवा दिव्याजवळ ठेवून बघा. आकडा रिमोटच्या जागेनुसार हलत असेल तर सापडलं.

कारण रिमोट नसेल तर

तासाभराने, रात्रीच्या वेळी, बंद खोलीत इन्व्हर्टर मंद होत नसेल किंवा साधा एसी कट होत नसेल, तर मोडचा विचार सोडून द्या. फिल्टर आधी काढा. तो उजेडासमोर धरला आणि पलीकडचं दिसत नसेल तर हवा जातच नाहीये. उष्णता उचलायलाच हवा कमी, त्यामुळे खोली गार व्हायला वेळ, आणि ब्लोअर मंद असेल तर कॉइलवर बर्फही धरतो. नळाखाली धुऊन सावलीत वाळवला की झालं. रोजच्या वापरात दर दोन-तीन आठवड्यांनी बघावा.

त्यानंतर बाहेरचं मशीन. लोक आतलं चकचकीत ठेवतात आणि बाहेरच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही. बाहेरची कॉइल धुळीने भरली, किंवा मशीन बंदिस्त बाल्कनीत, जाळीच्या कपाटात कोंडलेलं असलं, तर त्याने सोडलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं. उष्णता टाकायला जागाच गरम, म्हणून कॉम्प्रेसर जास्त दाबाने चालतो आणि तेवढ्याच थंडाव्याला जास्त वीज घेतो. हात सुरक्षित अंतरावर ठेवून बघा: पुढून सुटणारी गरम हवा भिंतीला किंवा कठड्याला आपटून मागे वळतेय का? वळत असेल तर कुठलाही मोड उपयोगाचा नाही. अडथळा हटवावा लागेल किंवा मशीन हलवावं लागेल.

गॅसबद्दल एक गैरसमज इतका घट्ट बसलाय की तो काढायलाच हवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुधा नळ्यांच्या जोडापाशी, आणि तिथे तेलकट डाग दिसतो. दरवर्षी गॅस भरून घेणं म्हणजे गळती तशीच ठेवून दरवर्षी पैसे देणं, आणि तो भरेपर्यंत मशीन पूर्ण जोरात चालून निम्मंच काम करत असतं. कमी गॅसची खूण अशी: फिल्टर स्वच्छ असूनही कॉइलच्या एकाच भागावर किंवा बारीक नळीवर बर्फ, आणि बाकी कॉइल कोरडी. घरबसल्या तपासायचं तर थर्मामीटरने मशीन ओढत असलेल्या हवेचं आणि सोडत असलेल्या हवेचं तापमान बघा. कूल मोडवर, मशीन जोरात चालू असताना, १५ मिनिटांनी फरक साधारण ८ ते १२ अंश असावा. हवा फार दमट असेल तर थोडा कमी चालतो, कारण मशीन पाणीही काढत असतं. ४-५ अंशांवर अडकला असेल तर मेकॅनिकला बोलवा. मंद झालेल्या इन्व्हर्टरवर ही चाचणी करू नका, तेव्हा फरक कमी येणारच. सेट तापमान खाली आणून कॉम्प्रेसर जोरात येऊ द्या आणि मग मोजा.

खोलीचाही वाटा असतो. दाराखालची फट, पश्चिमेची काच, वरच्या गच्चीचं तापलेलं छत. दुपारी मोजलेला आकडा आणि पहाटे मोजलेला आकडा यांत मोठा फरक असेल, पण पहाटेचा नीट खाली येत असेल, तर मशीन ठीक आहे. त्याला दुपारी खरंच जास्त काम आहे. पडदा ओढा, पंखा लावा. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, कमी वीज घेणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास, आणि अंगावर वारं असलं की २-३ अंश वरचं तापमानही तेवढंच सुखाचं लागतं. सेट तापमान वर नेण्याएवढी खात्रीची बचत कुठल्याही बटणात नाही.

एक प्रश्न हमखास येतो: बाहेर जाताना बंद करावा की चालू ठेवावा? १५-२० मिनिटांसाठी राहू द्या. दोन-तीन तासांसाठी बंद करा. खोली तापली तरी एकूण आत येणारी उष्णता कमीच असते, कारण आतलं आणि बाहेरचं तापमान जवळ आलं की उष्णता आत यायचा वेगच मंदावतो. परत येऊन गार करायला लागणारी वीज वाचलेल्या विजेपेक्षा कमी असते.

हिवाळ्यात हीट वापरणाऱ्यांना मीटर पळताना दिसला तर आधी एवढं बघा की मशीनमध्ये मदतीला वेगळा विजेचा हीटर आहे का. हीट मोड म्हणजे तोच कॉम्प्रेसर उलट दिशेने हमाली करतो, त्यामुळे १ युनिटला दोन-तीन युनिट उष्णता मिळते. हीटरचं तसं नाही, जेवढी वीज तेवढीच उष्णता. बाहेर खूप थंडी असताना बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला मशीन मध्येच काही मिनिटं गरम हवा थांबवतं. तो बिघाड नाही.

मेकॅनिक आला की "वीज जास्त खातो" एवढंच सांगू नका, तो बिचारा फिल्टर धुऊन आणि गॅसचा दाब बघून जाईल. वहीचं पान पुढे करा: कुठला मोड, किती सेट, तासाभराने किती वॅट, आत जाणारी हवा किती आणि बाहेर येणारी किती, रिमोटवर काही चिन्ह आहे का. आमच्याकडे आलेल्या दादांनी ते पान वाचलं, गॅसच्या बाटलीला हातही लावला नाही, आणि बाहेरच्या मशीनपुढे आम्हीच रचून ठेवलेली रिकामी खोकी तेवढी बाजूला केली. दुसऱ्या दिवशी दुपारचा आकडा आदल्या आठवड्यापेक्षा १०० वॅटनी खाली होता.